पाळीची राखण
(समाजाच्या वार्षिक अधिवेशनातील भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी आपल्या पूर्वजांचा गौरव होतो, आणि तो व्हावा हे योग्यच आहे. कोलू पाटलांनी नवेगावचा बांध कसा घातला, सातबहिणींच्या डोंगरांनी त्यांस कसे साह्य केले, आणि पुढे ते कोलासुर देव म्हणून कसे पूजिले गेले, ही कथा आपल्या समाजातील लहान मुलांसही मुखोद्गत आहे. चिटणीस महाशयांनी 'तलाव आणि आपला समाज' या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा त्यांचीही अपेक्षा बहुधा हीच असावी. त्यांची क्षमा मागून आम्ही आज बांधणाऱ्याविषयी थोडे आणि बांधाविषयी फार बोलणार आहोत. बांधणाऱ्याचा गौरव करण्यास वर्षाचे बारा महिने मोकळे आहेत. बांधाकडे पाहण्यास पावसाळ्यापूर्वीचे थोडेच दिवस मिळतात.

आम्ही अभियंते नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करला आणि सारा जन्म तलावांच्या मुलखातील शाळांत काढला. जे सांगणार आहोत ते काही वाचलेले, काही जाणत्यांकडून ऐकलेले आणि बरेचसे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून मालगुजारी तलावांची संख्या हजारांनी मोजली जाते. गोंड राजांनी जंगल तोडून तलाव बांधणाऱ्यास जमीन द्यावी, पाणी पोचेल तितकी वहिवाट त्याची करावी, अशी चाल पाडली होती. चांद्याकडील गावांच्या नावांत 'तुकूम' हा शब्द आजही आढळतो, तो याच चालीची खूण होय. वैनगंगेच्या खोऱ्यात ही कामे मुख्यतः आपल्या कोहळी समाजाने केली. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात कोहळ्यांची ओळख प्रथम तलाव बांधणारे म्हणूनच करून दिली आहे, आणि त्यानंतर धान व ऊस पिकविणारे म्हणून. ऊस म्हटला म्हणजे उन्हाळ्यातही पाणी पाहिजे. उन्हाळ्यापर्यंत पाणी राखावयाचे तर पाळ पक्की पाहिजे, हे ओघानेच आले.

त्याच ग्रंथात एक गोष्ट नमूद आहे, तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. या लोकांपाशी समतल पाहण्याचे साधे उपकरणही नव्हते. बांधलेले काम वाहून गेले की चूक कोठे झाली हे त्यांस कळे. मग ते पुन्हा बांधीत, बदलीत, दुरुस्त करीत. इंग्रज अधिकाऱ्याने हे कौतुकाने लिहिले आहे. आम्हांस त्याचा अर्थ असा दिसतो, की ज्यांस आपण तलाव बांधणारे म्हणून मिरवितो, ते खरे पाहता तलाव दुरुस्त करणारे होते. बांधण्याचे काम एका पिढीने एकदाच केले असेल. त्यानंतरच्या आठदहा पिढ्यांनी केले ते राखणीचेच काम. पाळ आज उभी आहे ती त्या अनाम पिढ्यांमुळे, आणि त्यांची नावे कोणत्याही स्मरणिकेत छापली जात नाहीत.

तलावाचे अवयव आपणांस ठाऊकच आहेत. तथापि शहरात वाढलेली तरुण मंडळी येथे पुष्कळ दिसतात, त्यांच्यासाठी सांगतो. मातीचा जो बांध, ती पाळ. कोणी पार म्हणतात. शेतास पाणी सोडण्याची वाट ती तुडुम. तलाव भरून वर आलेले जादा पाणी ज्या वाटेने निघून जाते ती सलांग. पुस्तकी भाषेत तिला सांडवा म्हणतात. तुडुमातून निघाली ती नहर. या चारांपैकी लोकांचे लक्ष तुडुमाकडे व नहरीकडे असते, कारण त्यांतून पाणी आपल्या बांधीत येते. सलांगेतून पाणी जाते, म्हणून ती शत्रू वाटते. तलावाचे मरण बहुधा याच गैरसमजातून ओढवते.

आता गणित मांडू. शिक्षकाची खोड आहे, जाणार नाही. आपल्याकडे वर्षाकाठी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला १०० मिलिमीटर एकाच रात्री कोसळावा हे श्रावणात नवल नव्हे. तलावाला पाणी पुरविणारा उतार १ चौरस किलोमीटर धरा. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख घनमीटर पाणी झाले. निम्मे जमिनीत मुरले, निम्मे वाहून आले, तरी ५० हजार घनमीटर तलावात उतरले. तलावाचा पसारा १० हेक्टर असेल तर पाण्याची पातळी एका रात्रीत अर्धा मीटर चढेल. आणि उतार एकाऐवजी ५ चौरस किलोमीटरांचा असेल तर? तलाव आधीच भरलेला आणि सलांग बंद, अशा स्थितीत अडीच मीटर पाणी चढावयास पाहिजे. पाळीचा माथा पाण्याच्या वर अडीच मीटर कोणत्या गावात आहे? म्हणजे पाणी माथ्यावरून जाणार, यात संशय नाही.

आणि मातीच्या बांधावरून पाणी गेले की बांध गेला. दगडी बांधावरून पाणी ओसंडले तर तो पुष्कळदा तग धरतो, माती धरीत नाही. पाळीचा माथा सर्वत्र सारखा उंच नसतो. जेथे गाडीवाट आहे, म्हशींची पायवाट आहे, तेथे तो चार बोटे खाली दबलेला असतो. पाणी ती चार बोटांची जागा शोधून काढते, तेथून उतरू लागते, पाठीची माती पायथ्यापासून खात वर येते, आणि पाहता पाहता हातभर खाच पडून तिची खिंड होते. गुजरातेत मोरवीजवळ मच्छू नदीवरील दुसऱ्या धरणाचे ११ ऑगस्ट १९७९ रोजी हेच झाले. मधला दगडी सांडवा उभाच राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंचे मातीचे बांध मात्र पाणी माथ्यावरून गेल्याने वाहून गेले आणि मोरवी शहरात हजारो माणसे बुडाली. पुराचे जितके पाणी आले तितके वाहून नेण्याची त्या सांडव्याची शक्तीच नव्हती. आपल्या गावच्या तलावाशी मच्छूची बरोबरी नाही हे आम्ही जाणतो. परंतु माती तीच आणि पाणीही तेच.

असे असता आपण सलांगेचे काय करतो? नहरीच्या शेवटाला ज्याचे धान आहे, तो भादव्यात रेतीची पोती आणून सलांगेवर रचतो. वीतभर पाणी जास्त राहिले तर निसवणीच्या वेळी आपल्या बांधीपर्यंत पोचेल ही त्याची आशा. त्याची आशा खोटी नाही, त्याचे पोट त्यावर आहे. ज्याने मासळीचा ठेका घेतला, तो सलांगेवर बारीक जाळी ताणतो, कारण पहिल्याच लोंढ्याबरोबर त्याचे बीज वाहून जाते. त्या जाळीत पालापाचोळा, बेशरमाच्या फांद्या आणि जलपर्णी अडकून दोन तासांत तिची भिंत होते. याउलट ज्याने तलावाच्या पोटात अतिक्रमण करून धान लावले, तो रात्री जाऊन सलांग खोल खणतो, कारण तलाव भरला तर त्याचे पीक बुडते. अशा रीतीने एक सलांग चढवितो, दुसरा तिला जाळी बांधतो, तिसरा तिला खणतो. आणि तिघेही ग्रामसभेत एका रांगेत बसून तलावाच्या दुरुस्तीस शासन पैसा देत नाही म्हणून तक्रार करतात. आम्ही हे थट्टेने म्हणत नाही, अशा सभांचे कार्यवृत्त लिहिण्याचे काम गुरुजी म्हणून अनेक वर्षे आमच्याकडेच असे.

सलांगेची उंची किती असावी हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणा एकाच्या गरजेवर ठरू नये. जुन्या लोकांनी ज्या दगडावर ती ठेवली, तो दगड अनेक पावसाळ्यांचा अनुभव घेऊन ठेवलेला आहे. तो वर उचलावयाचा असेल तर पाळही तितकीच उचलली पाहिजे, आणि पाळ उचलावयाची तर पायथाही रुंद केला पाहिजे. नुसत्या पोत्यांनी पाणी वाढत नाही, धोका मात्र वाढतो.

पाळ जाण्याची दुसरी रीत याहून गुप्त आहे. मातीच्या पाळीतून थोडे पाणी पाझरतेच; पाझरणारी पाळ म्हणजे वाईट पाळ असे नव्हे. पाठीच्या पायथ्याशी ओल दिसली, तेथे लव्हाळा उगवला, इतक्यावरून घाबरण्याचे कारण नाही. पाहावयाचे ते दोन गोष्टींकडे. पाझर गेल्या वर्षीपेक्षा वाढला काय, आणि पाणी स्वच्छ आहे की गढूळ? स्वच्छ पाणी पाळीतून नुसते जाते, गढूळ पाणी पाळ घेऊन जाते. एकदा मातीचे कण निघू लागले की आत बारीक नळी पडते, ती मागे मागे पाण्याच्या बाजूस सरकत जाते, आणि ती तलावाला मिळाली की मग काही तासांचाच प्रश्न उरतो. उंदीर, खेकडे, साळिंदर यांची बिळे, मोठी वारुळे, मेलेल्या झाडांची कुजलेली मुळे, या सर्व त्या नळीच्या आयत्या वाटा होत. तुडुमाभोवतीची जागा सर्वांत नाजूक, कारण दगड किंवा नळ आणि माती यांचा सांधा कधीच एकजीव होत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हाही पाणी सोडण्याच्या भुयारावरील बांध खचत खचत खाली आला होता. जवानांनी रात्रभर पोती रचली, तरी बांध राहिला नाही.

अलीकडचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरणाचे. चिपळूण तालुक्यातील ते मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली. धरण गळते आहे अशी गावकऱ्यांची तक्रार आधीपासून होती. पुढे राज्याच्या एका मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण सांगितले आणि त्यावरून महाराष्ट्रभर हशा पिकला. खेकडा बांध पोखरतो यात वस्तुतः असत्य काही नाही. आमच्या आजोबांच्या पिढीलाही ते ठाऊक होते. म्हणूनच ते लोक खेकड्याचे बीळ दिसताच खणून बुजवीत असत. खेकडा आपले काम करतो, आपले काम कोण करतो, एवढेच विचारावयाचे.

गढूळ पाझर दिसला असता काय करावे, याविषयी गावोगाव एक मोठी चूक आम्ही पाहिली आहे. लोक धावत जाऊन पाठीच्या बाजूने त्या भोकावर चिकण माती दाबतात. भोक तेथे बंद झाले की पाणी आत कोंडते आणि दुसरीकडून अधिक जोराने फुटते. खरी रीत अशी, की भोकावर प्रथम रेती टाकावी, तिच्यावर बारीक गिट्टी आणि तिच्यावर मोठे दगड. पाण्यास वाट राहावी, मातीस राहू नये. चिकण माती टाकावयाची ती पाण्याच्या बाजूने, जेथे पाणी आत शिरते तेथे. पुष्कळदा तेथे लहानसा भोवरा दिसतो. त्याचबरोबर तुडुम उघडून तलावाची पातळी उतरवावी, पण ती हळूहळू. पाणी एकदम उतरविले तर पाण्याच्या बाजूची भिजलेली माती आधार सुटल्यामुळे घसरते. आणि अर्थात सर्वांत आधी खालच्या वस्तीला उठवून उंचावर न्यावे. पाळ पुन्हा बांधता येते.

दुरुस्तीच्या मातीचेही तसेच आहे. आपल्या मुलखात सिहार, मोरांड, खरडी, बरडी, कन्हार अशा जातीजातीच्या जमिनी आहेत. निव्वळ कन्हार घातली तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून सरळ आत उतरते. निव्वळ बरडीतून पाणी गाळणीतून गेल्यासारखे जाते. जुने लोक माती निवडून, वीत वीत थर घालून, पाणी शिंपडून, धुम्मसाने ठोकून मगच दुसरा थर देत. आता ट्रॅक्टरची ट्रॉली माथ्यावर उलटी करतात, वरून यंत्राचे दाते फिरवितात आणि देयक निघते. अशी सैल माती पुढच्या आषाढात तलावातच जाऊन बसते.

यंत्राचा विषय निघाला म्हणून सांगतो. तलावातील गाळ काढून शेतात टाकण्याच्या योजना गेल्या काही वर्षांत निघाल्या. त्या चांगल्या आहेत. गाळाने शेत सुधारते आणि तलावाचे पोट मोकळे होते. परंतु जेसीबीचा चालक सोय पाहतो. ट्रॅक्टर पाळीजवळ उभे राहतात, म्हणून तो पाळीच्या पायथ्याशीच खणतो. दहा फूट खोल खड्डा पाळीला लागून पडला की पाळीचा आधार गेला, आणि पाणी रोखणारा जुन्या गाळाचा घट्ट थरही गेला. त्या वर्षी तलाव पूर्वीपेक्षा लवकर आटला, गाळ काढून उलट पाणी कमी झाले, असे सांगणारे शेतकरी आम्हांस भेटले आहेत. खणावयाचे ते पाळीपासून चांगले दूर, आणि अंतर खुंट्या ठोकून दाखवावे. त्याचप्रमाणे इंजिनाची नळी नेण्यासाठी पाळ आडवी फोडून तीत प्लॅस्टिकचा पाइप पुरण्याची जी नवी रूढी पडली आहे, ती तर आम्हांस शुद्ध आत्मघात वाटते. पाइपाच्या अंगाने पाणी धावते हे तुडुमाच्या बाबतीत सांगितलेच. नळी माथ्यावरून नेली तर काय बिघडते? दोन हात पाइप अधिक लागतो, एवढेच.

आता मालकीचा प्रश्न. तलाव कोणाचा?

१९५१ साली मालगुजारी संपली. मध्यप्रदेशच्या कायद्याने ३१ मार्चला मालगुजारांचे हक्क गेले आणि बहुतेक तलाव सरकारजमा झाले. पुढे १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. त्यानुसार मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, आणि स्वतःच्या शेतातील लहान बोड्या ज्याच्या त्याच्याकडे अशी विभागणी झाली. मालगुजारी गेली याचे दुःख करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. आपल्या समाजातील काही वृद्ध 'मालगुजारांच्या काळी पाळीला मुंगीएवढे भोक नव्हते' असे सांगतात. ते खरेही असेल. परंतु ती पाळ ज्यांच्या डोक्यावरच्या टोपल्यांनी दुरुस्त होत असे, त्यांतील कित्येकांच्या हाती सायंकाळी काही पडत नसे. बेगारीवर उभी राहिलेली व्यवस्था परत आणू नये. मात्र तिच्यात एक गोष्ट होती: पाळ फुटली तर कोणाच्या दारात जावयाचे हे प्रत्येकास माहीत होते. आज तलाव जिल्हा परिषदेचा, त्यातील मासळी संस्थेची, काठाची जमीन महसुलाची, पाळीवरचा रस्ता ग्रामपंचायतीचा. आणि पाळ?

खाजगी बोड्यांची स्थिती आणखी बिकट आहे. आमच्या पाहण्यातील एक बोडी आजोबांच्या एकट्या नावाने होती. आज तिच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. त्यांपैकी चार नागपूरला, एक पुण्याला, दोन वारल्यावर वारसनोंद व्हावयाची राहिलेली. पाळीवर पळस व करंज माजले आहेत, सलांगेचा दगड निखळून पडला आहे. दुरुस्तीस शेदीडशे ट्रॉली मातीचा प्रश्न. प्रत्येक जण म्हणतो, माझा अकरावा हिस्सा आहे, मी अकरावा हिस्सा देईन, आधी इतरांनी द्यावा. ती बोडी फुटली तर पाणी अकरा वाटांनी वाहणार नाही. ते उताराने सरळ खालच्या बोडीत जाईल, तीही भरलेलीच असेल, आणि तिच्या खाली गावाचा तलाव आहे. आपल्या पूर्वजांनी एकाखाली एक अशा माळा ओविल्या, वरच्याचे सांडलेले खालच्याने झेलावे म्हणून; माळेचा वरचा मणी सुटला तर खालचे धोक्यात येतात हे त्या रचनेतच आहे. म्हणून वरच्या बोडीची पाळ ही अकरा जणांची खाजगी बाब आहे, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

येथे कोणी म्हणेल, आता धरणसुरक्षेचा कायदा झाला आहे. झाला आहे खरा. २०२१ च्या डिसेंबरात तो अमलात आला, त्यात तपासणी आहे, अधिकारी आहेत, दंडही आहे. परंतु तो १५ मीटरांहून उंच धरणांना लागू आहे, आणि १० ते १५ मीटर उंचीची असतील तर लांबी, साठा वगैरेंच्या काही अटी पुऱ्या करणाऱ्यांना. आपल्या बहुतेक पाळी दोनतीन पुरुष उंचीच्या. कायद्याच्या जाळ्यातून त्या मासोळीसारख्या निसटतात. कायद्याने त्यांच्याकडे पाहावे अशी मागणी समाजाने अवश्य करावी, अर्ज लिहून देण्यास आम्ही तयार आहोत. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत किती मृग येतील आणि जातील, सांगवत नाही.

तेव्हा आम्ही या सभेपुढे काही मागणे मांडतो. यंदा समाजाच्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान व त्यावर पूर्वजांची प्रतिमा उभारावी असा ठराव आला असल्याचे आम्ही ऐकले. कमानीस आमचा विरोध नाही. परंतु तो निधी दोन वर्षे थांबवून त्यातून, ज्या गावांत आपली वस्ती आहे त्या गावांच्या पाळींची पाहणी करावी, आणि जेथे सलांगेचे चार दगड बसविल्याने काम भागते तेथे ते बसवावे. कोलू पाटलांच्या प्रतिमेला पावसाळ्यात काही होणार नाही, पण कित्येक पाळींना होईल.

ही पाहणी एकट्या कोहळ्यांची असू नये. तलाव बांधला आपण हे खरे मानले, तरी त्याला ओळखतो तो ढीवर. पाणी कोठे खोल आहे, कोठे भोवरा पडतो, तुडुमाच्या दगडाशी काय झाले आहे, हे जो रोज पाण्यात उतरतो त्यास कळते, आपल्यासारख्या माथ्यावर उभे राहून गप्पा मारणाऱ्यांस कळत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे काही गावांत ढीवर स्त्रियांनी तलावातील बेशरम उपटून तेथे मासळीला उपयोगी अशा देशी पाणवनस्पती लावल्या, आणि तलाव पुन्हा जिवंत केले. त्यांना या सभेत बोलावून ऐकावे, अशी आमची सूचना आहे. पाळीच्या पाठीमागे ज्यांची घरे आहेत त्या वस्तीतील माणसेही फेरीत असली पाहिजेत. पाळ फुटली तर पहिले पाणी त्यांच्या अंगणात येते.

फेरी वर्षातून तीनदा करावी. पहिली अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, जेव्हा तलाव उतरलेला असतो आणि पाण्याकडची बाजू उघडी पडते. तेव्हा बिळे, भेगा, निखळलेले दगड दिसतात, आणि मृगापूर्वी दुरुस्तीस महिनाभर हाती असतो. याच वेळी पाळीवरची कोवळी झुडपे मुळासकट काढावी. हरळी मात्र राखावी, ती मातीला धरून ठेवते. जुन्या मोठ्या झाडांना मात्र घाईने हात लावू नये. ते उपटून टाकले तर बैलगाडी मावेल एवढा खड्डा पाळीत पडतो, आणि नुसते तोडले तर मुळे आत कुजतात. अशा झाडाविषयी जाणत्या अभियंत्यास आणून दाखवावे. दुसरी फेरी पहिल्या मोठ्या पावसानंतर, सलांगेसाठी. तिसरी पोळ्याच्या आसपास, तलाव भरलेला असताना, पाठीच्या पायथ्याने. ही तिसरी फेरी अनवाणी करावी असे आमचे मत आहे. ओल डोळ्यांच्या आधी पायास कळते.

आणि एक वही ठेवावी. साध्या दोनशे पानी वहीत तारीख, पाण्याची पातळी, पाझर कोणत्या ठिकाणी, स्वच्छ की गढूळ, आणि फिरणाऱ्यांच्या सह्या, इतकेच लिहावे. पातळी मोजण्यास तुडुमाजवळ एक दगड रोवून त्यावर रंगाने वितीच्या रेघा माराव्या. सलांगेचा माथा कोणत्या रेघेला येतो ते लाल रंगाने दाखवावे. पाझर वाढला की नाही हे स्मरणावर ठरविता येत नाही. प्रत्येकाचे स्मरण आपापल्या शेताच्या बाजूने झुकते, हे सभेच्या कार्यवृत्तांवरून आम्हांस चांगले माहीत आहे. वही शाळेत ठेवावी, म्हणजे सातवीची मुले रेघ वाचण्यास जातील आणि वर सांगितलेले गणितही करतील. ते गणित पाठ्यपुस्तकातील नळ व टाकीच्या गणितापेक्षा त्यांस लवकर समजते, असा आमचा अनुभव आहे.

अशा १२ वह्या आम्ही आज बरोबर आणल्या आहेत. पहिल्या पानावर रकाने आखून दिले आहेत. ज्या गावांच्या मंडळींस पाहिजे असतील त्यांनी भोजनानंतर मंडपाच्या दक्षिण दाराशी यावे, गावाचे व तलावाचे नाव सांगावे, आणि फेरीस जाणाऱ्या निदान दोघांनी तेथेच सही करून वही न्यावी.